लांब दिलेली लेक

बायकांच्या शर्यतीत पहिलं बक्षीस काय ठेवायचं, हे ठरवणाऱ्या लोकांना मिक्सरच्या पलीकडे काही सुचत नाही. आमच्या पंकजानं आजवर पळून पळून इतके मिक्सर मिळवले, की भाऊबंदांच्या लग्नात आहेर काय न्यायचा ही चिंता आम्हाला राहिली नाही. मागच्या दिवाळीनंतर नगरला एकवीस किलोमीटरची शर्यत झाली. तिथं मात्र कुणातरी भल्या माणसाला सुबुद्धी झाली आणि पहिल्या आलेल्या बाईला गिअरची सायकल मिळाली. भीमराजनं ती ओम्नीच्या टपावर बांधून आणली, अंगणात उतरवली आणि म्हणाला, चांगलं गिऱ्हाईक बघून विकून टाकू. दुसऱ्या दिवशी पंकजा शाळेत गेली ती सायकलवरूनच.

भीमराज माझा धाकटा भाऊ, साखर कारखान्यात नोकरीला. पंकजा त्याची बायको, इथल्या शाळेत खेळ शिकवते. त्यांना एक शाळकरी पोरगी. आणि मी मालन. श्रीगोंद्याच्या स्टँडमागं माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा माहेरी परत आले आणि मशीन टाकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. गावात माझ्या तोंडाला लोक भितात, आणि ते बरंच आहे. भीमराजचं लग्न ठरलं तेव्हा पोरीची बाजू घेऊन हळहळणारेच जास्त होते. घरात परत आलेली नणंद, त्यातून असली तिखट, म्हणजे पोरीचं काही खरं नाही. पंकजा आली, आणि पहिल्याच आठवड्यात पहाटे पळायला जायची पँट माझ्यापुढं टाकून म्हणाली की अक्का, याला चावी ठेवायला खिसा लावून द्या. मी भांडायच्या तयारीत बसलेली बाई, हातात पँट आल्यावर काय करणार? खिसा लावून दिला. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलं.

पंकजाचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्याही पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत. भाताची खाचरं, उतारावरची घरं, शाळेला जायचं तर अर्धा डोंगर उतरायचा. ती पळायला शिकली ती तिथंच. आमचं श्रीगोंदा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. सपाट रान, ऊस, कारखान्याची चिमणी. तिच्या माहेरी जायचं तर तीन गाड्या बदलाव्या लागतात. तिची आई भागिरथीबाई दर फोनला सगळं विचारते, सगळं सांगते, आणि शेवटी तेच एक वाक्य बोलते, "लई लांब दिली गं तुला." फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं मलाही ऐकू येतं. पंकजा दर वेळी हसून विषय बदलायची.

पण गेल्या पावसाळ्यात भागिरथीबाई खाचराच्या बांधावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. निरोप आला तेव्हा शेवटची गाडी गेली होती आणि ओम्नी गॅरेजला पडली होती. पंकजा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तोवर प्लॅस्टर घालून आई घरी आली होती. वाडीतली कुणी बाई म्हणाली, लेक आली बघ. त्यावर भागिरथीबाई पटकन बोलून गेली, की लांब दिलेली लेक, तिची काय वाट बघायची. मनात काही ठेवून बोलली नसेल ती. पण पंकजानं ते परत आल्यावर मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

म्हणून सायकल हाती आल्यावर एक दिवस दुकानात येऊन ती म्हणाली, की अक्का, मी सायकलवर माहेरी जानार हाय, एका दिवसात, आणि उजेड असताना दारात पोचनार, तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला. दोनशेच्या आसपास किलोमीटर वाट. मी म्हणाले, एका दिवसात तर यष्टीपण जाते, त्यात काय मोठं?

"यष्टी नेती, अक्का. मी जात न्हाई," ती म्हणाली. "मला माझ्या पायांनी जायचंय. आईच्या तोंडातला तो शब्द काढायचाय."

मी तिला टेप घेऊन मापाला उभं केलं.

आता पळणाऱ्या माणसाला वाटतं की सायकल म्हणजे काय, पळण्यापेक्षा सोपंच काम. पंकजालाही तसंच वाटलं. पहिल्या दिवसापासून तिनं सीट खाली ठेवली, कारण पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मच्छिंद्रनं, म्हणजे आमच्या पेठेतल्या सायकलवाल्यानं, ती चांगली वीतभर वर केली. तो तरुणपणी सायकलच्या शर्यतीत उतरायचा आणि अजून त्याच्या पोटऱ्या बघण्यासारख्या आहेत. तिनं ती परत खाली केली. त्यानं परत वर केली. असं दोघांचं आठवडाभर चाललं आणि शेवटी मच्छिंद्रनं सीटचा बोल्टच असा आवळला की तिला तो सुटेना. मग झक मारत शिकली, आणि दोन दिवसांनी कबूल केलं की गुडघे दुखायचे थांबलेत.

दुसरी खोड उपाशी निघायची. पळणारे लोक पहाटे चहाच्या घोटावर निघतात आणि येऊन खातात. ती तशीच सायकल घेऊन दौंडच्या बाजूला गेली, नदी ओलांडून परत फिरली, आणि काष्टीच्या अलीकडे एका रसवंतीपाशी तिच्या अंगातलं अवसानच गेलं. रसवाल्यानं बाकावर बसवून दोन ग्लास रस पाजला आणि तिच्याच मोबाईलवरून मला फोन लावला. मी तिथं जाऊन तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून ती सायकल चालवता चालवता खायला शिकली. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात शेंगदाण्याचा लाडू. मी तिच्या सदऱ्याला पाठीमागं कमरेवर तीन खिसे लावून दिले. एकात केळी, एकात लाडू, एकात मोबाईल. मळ्यातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या, की ही मास्तरीण पाठीतून केळं काढते कशी.

माझ्या मनात तिच्याबद्दल तेव्हापासूनच काहीतरी दाटून यायला लागलं होतं, पण मी तोंडावर कौतुक करणाऱ्यांतली नाही. शाळा, घर, पोरीचा अभ्यास सगळं सांभाळून ही बाई उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावरून रोज पहाटे जायची. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंगावरून गेला की चांगल्या मोटारसायकलवाल्याची पाचावर धारण बसते. ही आली की हात-पाय धुऊन पोळ्या लाटायला उभी. दमले म्हणून कधी एक शब्द नाही.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं, पण ते मला उशिरा कळलं.

झालं असं, की सीट टोचते म्हणून सायकलवाले गादी लावलेली चड्डी घालतात, असं तिनं मोबाईलवर बघितलं आणि मला म्हणाली, शिवून द्या. मला काय, गादी म्हणजे गादी. माझ्या दुकानात ब्लाउजला लावायच्या कपांची पोतीभर पाकिटं पडलेली. चांगले जाड, गोल, स्पंजचे कप. मी दोन इकडं, दोन तिकडं, मधोमध दुहेरी टीप मारून असे पक्के बसवले की दहा वर्षं हलणार नाहीत. वर तिला बजावलं, की आत नेहमीची चड्डी घालायची, नुसतं असलं घालून रस्त्यावर जाणं बरं दिसत नाही. तिनं मान डोलावली. घालून बघितली तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो, कारण ब्लाउजचे कप बसायच्या जागी गेले की बाई मागून फार श्रीमंत दिसते.

दोन आठवड्यांनी एका रविवारी माझ्या लक्षात आलं की पंकजा बसत नाही. जेवताना ताट ओट्यावर ठेवून उभ्या उभ्या जेवली. पोरीची वेणी गुडघ्यांवर उभं राहून घातली. दुकानात आली तर स्टूल पुढं केलं तरी भिंतीला टेकून उभी. मी टेलर आहे, माणूस कसं उभं राहतं यावरून मला त्याचं दुखणं कळतं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, दाखव.

ती नको नको म्हणत होती. पण मी काही ऐकणारी नव्हे. बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझी ती पक्की दुहेरी टीप जिथं होती, बरोबर त्या रेघेवर कातडी सोलवटलेली, आणि एका बाजूला सुपारीएवढं गळू. किती दिवस झाले विचारलं, तर आठ-दहा. आठ-दहा दिवस ही बाई त्यावर बसून तीस-चाळीस किलोमीटर जात होती.

"सांगितलं का न्हाईस?" मी ओरडले.

"दुखतंय म्हनलं की जास्त दुखतं, अक्का," ती खाली बघून म्हणाली. "पळताना पायाची नखं काळी पडून गळत्यात. ते कुनी सांगत बसतं का?"

मी तिला लेडीज डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मलम दिलं आणि सांगितलं की जखम भरेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही, नाहीतर चिरावं लागेल. जायचा दिवस ठरला होता फेब्रुवारीतला, पंधरा दिवसांवर आला होता. माहेरी कळवलेलं होतं. बाहेर आल्यावर पंकजा मला म्हणाली की गळू काय, फुटलं की संपलं. तिचा चेहरा बघून मला कळलं, की ही थांबणार नाही. नख गळून पडलं तरी जी शर्यत सोडत नाही, ती याला काय जुमानते.

मग मी माझा राग कामाला लावला. चूक कुठं झाली ते कुणालातरी विचारायला हवं होतं, आणि अख्ख्या गावात विचारण्यासारखा माणूस एकच. मच्छिंद्र तारा आवळून वाकड्या चाकाची आऊट काढत बसला होता. मी त्याच्यापुढं ती चड्डीच ठेवली. त्यानं ती उलटून बघितली, कप बोटानं दाबले, आणि त्याचे कान लाल झाले. मी म्हणाले, लाजू नको, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, काय चुकलं ते सांग. तो बराच वेळ चाकच फिरवत राहिला.

शेवटी चाकाकडं बघूनच बोलला, "अक्का, आत काय घालायचं नसतं."

"काय म्हंजे?"

"काय म्हंजे काय बी न्हाई. सायकलवाले आत काय घालत न्हाईत. शिवन घासती."

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती. पण विषय निघालाच होता, तर मी सगळं विचारून घेतलं. गादी एकसंध पाहिजे, मधून शिवण नको, कापड घाम ओढणारं पाहिजे. निघताना त्यानं आतून स्वतःची जुनी, धुऊन ठेवलेली शर्यतीची चड्डी कागदात गुंडाळून दिली, आणि बघून झाली की परत नका आणू म्हणाला. मी ती घरी नेऊन पार उसवली. कुठला तुकडा कुठं जातो, ताण कुठं आहे ते बघितलं, आणि पंकजाच्या मापाची नवी शिवली. तीन वेळा उसवली. आयुष्यात एवढे नवरीचे ब्लाउज शिवले, पण कुठल्या ब्लाउजसाठी माझा जीव असा टांगणीला लागला नव्हता.

आणि पंकजाला मी एक अट घातली. जखम भरली तरच जायचं, आणि भरली की नाही ते मी बघणार. रस्त्यात मी आणि भीमराज ओम्नी घेऊन मागं असणार, आणि जिथं थांबू तिथं खरं सांगायचं, दुखतंय की नाही. खोटं बोललीस तर सायकल टपावर. तिनं कबूल केलं. ते पंधरा दिवस ती रोज पहाटे नुसती अंगणात फेऱ्या मारायची, आणि तिला असं घरात अडकलेली बघणं हे मला तिच्या पळण्यापेक्षा अवघड वाटलं. घरात कुणाशी धड बोलत नव्हती. पण सायकलला तिनं हात लावला नाही. शब्द दिला तो पाळला.

निघालो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. जखम भरली होती, जागा अजून गुलाबी होती. नगर येईस्तोवर ती अशी सरळ लयीत चालली होती की भीमराज गाडीत गाणी म्हणायला लागला. राहुरीला पोहे खाल्ले. मी विचारलं, ती म्हणाली, काही नाही. कोल्हारचा पूल, लोणी, सगळं मागं पडलं. ऊन चढलं. एवढी वर्षं तिला शर्यतीच्या फोटोत बघितलं होतं, हातात मिक्सर घेऊन. तासन् तास मागून बघायची ही पहिलीच वेळ. शेजारून ट्रक गेला की सायकल वाऱ्यानं हलायची, पण तिची पाठ हलायची नाही. मला वाटलं, ही आपल्या घरात राहते, आपल्या हातचं खाते, आणि आपल्याला हिची कल्पनाच नव्हती.

संगमनेरला ती उतरली, सायकल झाडाला टेकवली आणि सरळ माझ्याकडे आली.

"अक्का, दुखायला लागलंय," ती म्हणाली. "खोटं न्हाई सांगत."

एवढं बोलून तिनं निकाल माझ्यावर सोडला. मला वाटलं होतं ती लपवेल, मी पकडेन, भांडण होईल, आणि सायकल टपावर टाकताना माझं मन मला खाणार नाही. आता ती खरं बोलली होती आणि पंचाईत माझी झाली होती. हॉटेलवाल्या बाईकडून आतली खोली मागून घेतली. बघितलं. लाल झालं होतं, पण कातडी सुटली नव्हती. मलम लावलं. भीमराज बाहेरून सांगत होता की पुरे झालं आता, एवढं आली तेच लई. मी बाहेर येऊन त्याला म्हणाले, गाडी चालू कर, ती सायकलवर येतीय.

अकोले गेलं आणि डोंगर समोर आले. तिथून पुढं विठ्याचा घाट. घाटाच्या पायथ्याला ती सीटवरून उठली आणि पॅडलवर उभी राहिली. मला वाटलं चढापुरती उभी राहील. पण वळण आलं, सपाटी आली, तरी ती बसली नाही. बसताच येत नव्हतं तिला. मग ती उभ्यानंच चालवत होती, एक पाय, दुसरा पाय, जशी डोंगर चढून पळत असेल तशी. नुसते सायकल चालवणारे किती वेळ असे उभे राहू शकतात मला माहीत नाही. ती अख्खा घाट उभ्यानं चढली. भीमराज गाणी कधीच विसरला होता. मी रडत होते आणि त्याला म्हणत होते की रस्त्याकडं बघ.

राजूर मागं टाकून वाडीत पोचलो तेव्हा ऊन डोंगरामागं चाललं होतं, पण उजेड होता. अंगणात सगळी वाडी जमलेली. तिचे वडील सोपानराव डोक्यावरची टोपी पुन्हा पुन्हा नीट करत उभे होते. भागिरथीबाईनं दारात पाट मांडला होता, भोवती रांगोळी घातली होती, ओवाळायचं ताट घेऊन ती उभी होती. मनगट अजून नीट वळत नव्हतं तिचं. ती पंकजाला म्हणाली, ये, बस.

पंकजा पाटाजवळ गेली आणि उभीच राहिली. आई पुन्हा बस म्हणाली. पंकजानं सगळ्या वाडीसमोर, आपल्या बापासमोर, मोठ्यानं सांगितलं.

"आई, बसता येत न्हाई मला. लई दुखतंय."

आणि जी बाई गळवावर बसून गेली तरी हूं म्हणाली नव्हती, ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडायला लागली. भागिरथीबाईनं ताट माझ्या हातात दिलं आणि लेकीला आत घेऊन गेली. दार लोटलं. मी ताट घेऊन दारातच उभी, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. कुठं दुखतंय, दाखव, हे काय करून घेतलंस, तेल कोमट करू का, आणि मग भागिरथीबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. मी तिखट म्हणून ओळखली जाते, पण ही बाई माझ्या वरताण निघाली.

"यष्टीनं यायला काय झालं हुतं तुला?" ती लेकीवर खेकसत होती. "एवढुशी तर वाट. एवढ्याशा वाटंसाठी एवढं सोसायचं व्हय?"

मग पंकजाचं हसू ऐकू आलं. रडता रडताच हसत होती, आणि आई विचारत होती की आता हसायला काय झालं. मी ताटातली वात विझू नये म्हणून पदर आडवा धरला आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिले.